चावी माझ्याजवळ नाही

“चावी खिशातच राहू द्या, सर. बाहेर काढायचीच नाही.”

लुंबिनीने पुन्हा एकदा सांगितलं. तरी बापूसाहेबांचा हात खिशाकडे गेलाच. उभा जन्म मुख्याध्यापकी केलेला माणूस. किल्ली हातात धरून कुठेतरी खुपसल्याशिवाय काही उघडतं, हे त्यांना पटतच नव्हतं.

“मग उघडायचं कसं?”

“नुसते जवळ या. दाराच्या मुठीवर हे काळं बटण आहे ना, ते दाबा.”

त्यांनी दाबलं. गाडीने दिवे मिचकावले, आणि दोन्ही बाजूंचे आरसे जनावराने कान टवकारावेत तसे बाहेर आले. बापूसाहेब खूश झाले.

“आयला! म्हणजे वळखती की मला!”

“तुम्हाला नाही, सर. चावीला.”

नांदेडच्या त्या शोरूममध्ये लुंबिनीचं काम एवढंच होतं. विकलेली गाडी मालकाच्या हवाली करायची. ती उघडायची कशी, बंद कशी करायची, सामान कुठे ठेवायचं, सुरू कशी करायची, हे समजावून सांगायचं. तिने भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केलं होतं. लोकांना ती बटण दाखवायची, पण तिच्या स्वतःच्या डोळ्यांपुढे बटणामागचं असायचं. मुठीतली तार हाक मारते आणि खिशातली चावी रेडिओच्या लहरीतून ओ देते. ओ आली नाही, तर कितीही मोठा माणूस बाहेर उभा असो, दार हलत नाही.

खरं तर आज तिची सुट्टी होती. लातूरचे कुणी निवृत्त बापूसाहेब हवा तो रंग इथे मिळाला म्हणून नांदेडहून गाडी नेणार आहेत, हे तिच्या कानावर आलं, आणि तिने पत्ता विचारला. ट्यूशनच्या गल्लीचं नाव ऐकल्यावर ती सोबत काम करणाऱ्या विनोदला म्हणाली, “ही डिलिव्हरी मी करणार.”

“सुट्टी सोडून? वळखीचे हायत का?”

“हाव. लई वळखीचे.”

बापूसाहेबांनी मात्र तिला ओळखलं नव्हतं. त्यांच्या पत्नी विमलबाई पूजेची पिशवी पोटाशी धरून कोपऱ्यातल्या सोफ्यावर बसल्या होत्या. त्या मधूनमधून लुंबिनीकडे बघत आणि नजर पिशवीत घालत.

“हा समोरचा कप्पा,” लुंबिनी म्हणाली. “कागदपत्रं इथे ठेवा. औषधंही राहतील.”

“दारं अशी हवेवर उघडून राहिली, उद्या चावीच बिघडली तर?”

लुंबिनीच्या जिभेवर उत्तर आलं. रोज ती याच ठिकाणी चावी उलटी करून दाखवायची. कडेला एक बारीक खटका असतो. तो सरकवला की आतून साधी पोलादी किल्ली निघते. चावीतला सेल मेला तरी तिने दार उघडतं. आणि चावीची पाठ सुरू करायच्या बटणाला टेकवली की इंजिनही चालू होतं. हे सांगितल्याशिवाय तिने आजवर एकही गाडी फाटकाबाहेर जाऊ दिली नव्हती.

“सहसा बिघडत नाही, सर,” ती म्हणाली.

यात खोटं काहीच नव्हतं.

“बरं.” बापूसाहेबांनी चष्मा वर करून तिच्या छातीवरची पट्टी वाचली. “लुंबिनी. नाव छान आहे. आडनाव काय म्हणालात?”

“म्हणाले नव्हते. सोनकांबळे.”

“असं, असं.” त्यांनी खिशातून चावी काढली. सकाळी तिनेच ती त्यांच्या हातात दिली होती. ती त्यांनी बोटांच्या टोकांत धरली. “अहो, ताट काढा. दोन्ही चाव्या ठेवा त्यात. कारखान्यापासून इथवर किती जणांचे हात लागलेले असतात. शुद्ध करून घेतलेलं बरं.”

ताट निघालं. हळद, कुंकू, नारळ, चाकाखाली ठेवायची लिंबं. शेवटी एक बाटली. विमलबाईंनी झाकण उघडलं तसा गोमूत्राचा उग्र वास एसीच्या गारव्यात पसरला.

लुंबिनीचा हात पुढे गेला. रोजची सवय. ताटात पाणी पडायच्या आत ती चावी अलगद उचलायची, हसून म्हणायची, ‘हिला आंघोळ चालत नाही हो.’ साध्या पाण्यानेसुद्धा बिघडते, इथे तर खारं. क्षार विरघळलेल्या पाण्यातून वीज वाट काढते. फटीतून ते आत झिरपतं, धातूच्या दोन ठिपक्यांमध्ये पूल बांधतं आणि बसल्या जागी सेल संपवून टाकतं. लगेच नाही. तासाभराने, दोन तासांनी.

हात अर्ध्या वाटेत थांबला. मग तिने तो मागे घेतला आणि ओढणी सारखी केली.

बापूसाहेबांनी बाटली तिरपी केली. दोन्ही चाव्या चांगल्या भिजल्या. विनोद डोळे मोठे करून लुंबिनीकडे बघत होता. ती ताटाकडे बघत होती.

काही वर्षांपूर्वी ती लातूरला राहून, बारावी देऊन डॉक्टर होण्याच्या परीक्षेची तयारी करत होती. बापूसाहेबांच्या घराची खालची खोली तिच्याकडे होती. मैत्रिणीच्या ओळखीने मिळाली होती, आडनाव विचारायचं राहून गेलं होतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी आई, भामाबाई, देवणीहून आली. आल्या आल्या तिने भिंतीवरच्या मोकळ्या खिळ्याला तसबीर लावली. बुद्ध आणि बाबासाहेब, एकाच चौकटीत. परीक्षेच्या सकाळी दोघी विहारात वंदनेला गेल्या. परत आल्या तर त्यांच्या लहानशा कुलपावर दुसरं, पितळी, थोराड कुलूप लटकत होतं. प्रवेशपत्र आत. आधारकार्ड आत. बापूसाहेब वर गॅलरीत पेपर वाचत होते.

“चावी माझ्याजवळ नाही,” ते म्हणाले. “बघतो. सापडली की सांगतो.”

भामाबाई खाली हात जोडून उभी राहिली. ऊन भिंतीवरून अंगणात उतरलं. परीक्षेचं फाटक बंद व्हायची वेळ आली आणि गेली. संध्याकाळी चावी सापडली. सामान रस्त्यावर आलं. भामाबाईने सगळ्यात आधी तसबीर उचलली, पदराने पुसली, आणि त्यानंतर लातूरचं नाव घरात निघू दिलं नाही.

“मॅडम, या की फोटोला!” विनोदने हाक मारली.

शोरूमची थर्माकोलची भलीमोठी चावी बापूसाहेबांच्या हातात दिली गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लुंबिनीनेही वाजवल्या. लिंबं चिरडत गाडी फाटकाबाहेर पडली.

“ताई,” विनोद हळूच म्हणाला, “आज इसरलीस काय गं?”

“नाही,” लुंबिनी म्हणाली.

दुपारी फोन आला. तिने जेवणाचा डबा बाजूला सारला आणि आवाज मोठा केला.

“मॅडम, तुमची गाडी उघडून नाही राहिली.”

“माझी नाही, सर. तुमची. कुठे आहात?”

“माळेगावला. म्हटलं नवी गाडी आहे, खंडोबाचं दर्शन घेऊन जावं. जाताना बटण दाबलं, बंद झाली नीट. आता कितीही दाबा, ढिम्म. मुलगा पुण्यात, तो फोन उचलत नाही. इथं सावलीला झाड नाही.”

“दुसरी चावी?”

“आत राहिली. पूजेच्या पिशवीत.”

लुंबिनीने मनात ताळा करून बघितला. आतली चावी जिवंत असती तर गाडीने कुलूप लावूनच घेतलं नसतं, ओरडून सांगितलं असतं. म्हणजे ती आधीच गेली. खिशातली मागून गेली. हिशेब चोख होता.

“तुमच्याकडे शोरूमला एखादी असेल ना?”

हे वाक्य तिने इतकी वर्षं सांभाळलं होतं. ते सावकाश, त्यांच्याच चालीत तिने बाहेर काढलं.

“चावी माझ्याजवळ नाही, सर.”

ती थांबली. पलीकडे एक ट्रक गेला.

“मग काय करायचं आम्ही?”

“बघते. सापडली की सांगते.”

“अहो, सापडली की म्हणजे? उन्हात उभे आहोत आम्ही! ही काय बोलायची पद्धत झाली?”

त्यांना काहीच आठवलं नव्हतं. म्हणजे एवढ्यावर भागणार नव्हतं.

“सर, चावी उलटी करा,” ती म्हणाली. “कडेला खटका आहे. सरकवा. किल्ली निघाली? दाराच्या मुठीच्या टोकाला टोपण आहे, ते काढा. आत घाला आणि फिरवा.”

“आधी सांगायला काय झालं होतं?”

पुढे काय होणार हे तिला ठाऊक होतं. चावीची ओ न येता कुणी नुसत्या लोखंडाने दार उघडलं, तर गाडीच्या लेखी तो चोर.

कट्कन आवाज आला, आणि पाठोपाठ गाडीने टाहो फोडला. भोंगा थांबेचना. फोन टेबलावर थरथरायला लागला.

“मॅडम! हे काय? हे बंद करा!”

भोंग्याच्या आडून माणसांचे आवाज जवळ येत होते.

“कोनाची हाय हो गाडी?”

“नंबरप्लेट बी न्हाई बघ हिला.”

“काका, सरका बाजूला. हात काढा दारावरून.”

“अरे माझी आहे! सकाळीच घेतली!”

“समदे असंच म्हनतेत. तुमची हाय तर बोंबलून का राहिली ती?”

“मी मुख्याध्यापक होतो!”

“मी बी सरपंच होतो. कुठले तुम्ही? आडनाव काय म्हनलात?”

लुंबिनीने डोळे मिटले. कानात भोंगा होता, पण तिला ऐकायचं होतं ते तिने ऐकलं.

“ताई, सांगून टाक ना,” विनोद म्हणाला. “चावी बटनाला टेकवा म्हनून. म्हातारा हाय.”

तिने फोनवर तळहात ठेवला. “सांगते.”

पण सांगितलं नाही.

पलीकडे फोन या हातातून त्या हातात गेला.

“लुंबिनी,” बाईचा आवाज. “मी विमल. हेंच्याकडून घेतलाय फोन.”

लुंबिनीने तळहात काढला.

“सकाळी तू ताटाकडं हात केलास अन मागं घेतलास. तोंड वळखीचं वाटलंच होतं, तवा खातरी पटली.” भोंगा मध्येच वाजत होता, त्यातून विमलबाई एकेक शब्द वेचून बोलत होत्या. “त्या दिवशी हेंच्याजवळ नव्हती गं चावी. खरंच नव्हती. माझ्या कमरेला होती. तुझी आई खाली हात जोडून हुबी होती, अन मी वरी पोळ्या लाटून राहिले होते.”

पितळी कुलूप लुंबिनीने हजारदा आठवलं होतं, गॅलरी आठवली होती, पेपर आठवला होता. त्या गॅलरीमागे स्वयंपाकघर असेल, हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं.

“वाटलं तर भोंगा बंद नको करू,” विमलबाई म्हणाल्या. “मी हाय हुबी उन्हात.”

विनोद तिच्या तोंडाकडे बघत होता. डब्यातली भाकरी वाळत चालली होती.

“काकू,” लुंबिनी म्हणाली, “चावी कुणाजवळ आहे?”

“हेंच्याजवळ.”

“तुम्ही घ्या. त्यांच्या हातात द्यायची नाही. तुम्ही बसा स्टेअरिंगला.”

“मला? मी जन्मात बसले न्हाई गं तिथं.”

“बसा.”

दाराचा आवाज. बापूसाहेबांचं “अगं, तू कुठं—” आणि त्यावर गर्दीतल्या कुणाचं तरी “बसू द्या की बाईला.”

“दोनच पेडल आहेत. डावीकडचं रुंद, ते ब्रेकचं. त्यावर पाय. दाबून धरा.”

“धरलं.”

“चावीची पाठ गोल बटणाला टेकवा. अगदी चिकटवून.”

त्या चावीतल्या चिपच्या एका कणाला सेल लागत नाही. बटणाच्या इतक्या जवळ नेलं की तो बटणाच्याच तारेतून जीव घेतो आणि आपली ओळख सांगतो. भिजला तरी सांगतो.

“टेकवली.”

“आता बटण दाबा.”

भोंगा तुटला. इंजिनाची बारीक घरघर सुरू झाली आणि माळेगावची दुपार फोनमधून स्वच्छ ऐकू यायला लागली. एका शेळीचं ओरडणं. कुणाच्या तरी चपला. आणि मघाचाच आवाज, आता हसरा:

“अरं, बाईची हाय व्हय गाडी!”

इंजिन चालू होतं. मग विमलबाईंनी फोन ठेवला. लुंबिनीनेही ठेवला.

“दोनी चाव्या घिऊन येतील ते उद्या,” विनोद म्हणाला. “भांडायला.”

“येऊ दे.”

तिने डब्याला झाकण लावलं. पुढची गाडी तयार होती.

उदगीरचं नवराबायकोचं जोडपं होतं, पहिलीच गाडी. बाईने बॉनेटवर स्वस्तिक काढलं. ताटात चावी ठेवली, आणि पाण्याचा तांब्या उचलला. लुंबिनीचा हात आपोआप पुढे झाला आणि तिने चावी उचलून घेतली.

“हिला आंघोळ चालत नाही हो,” ती म्हणाली. रोजच्यासारखं हसू मात्र आलं नाही.

नारळ फुटला. फोटो झाले. नवरा तळहात पुढे करून उभा राहिला, थोडा वेळ वाट बघितली, मग अवघडून म्हणाला, “मॅडम, चावी…”

लुंबिनीने खाली बघितलं. मूठ अजून आवळलेली होती. तिने बोटं एकेक करून उघडली. चावीची कड तळहातावर लाल उमटली होती. चावी कोरडी ठणठणीत होती, तरी तिने ती ओढणीच्या टोकाने पुसली आणि त्याच्या हातावर ठेवली.

“उलटी करा,” ती म्हणाली. “कडेला एक खटका आहे. तो आधी दाखवते.”