‘लगीनघाई’चं तिसरं कडवं

एके काळी मावशीचं एक गाणं रेडिओवर घरोघरी वाजायचं. दारात उभी राहून कुणाची तरी वाट पाहणाऱ्या बाईचं गाणं, इतकं संथ की ऐकता ऐकता हातातला चहा गार व्हावा. भाचीच्या बँडनं तेच गाणं उचललंय हे मावशीच्या कानावर गेलं, तेव्हा आता ती भडकणार असंच घरात सगळ्यांनी धरलं. बँडचं नावच ‘लगीनघाई’. जुनी रडवेली गाणी घ्यायची, सुसाट वाजवायची आणि लोकांना हसवायचं, हा त्यांचा उद्योग. भाची त्यात ड्रम वाजवायची. तिनं आधीच माफी मागून टाकली.

मावशीला राग वगैरे काही आला नव्हता. ही पोरं एवढ्या वेगात श्वास कुठे घेतात, हे मात्र तिला डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती भाचीच्या मागे लागून तालमीलाच गेली. टायरच्या दुकानामागची खोली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, पायात वायरींचा गुंता. गाणाऱ्याला सगळे भोंगा म्हणत. एरवी तो शाळेत भूगोल शिकवायचा. मावशीला पाहून त्यानं गाणं आणखीच दामटलं. तिनं पर्समधून चष्मा काढून डोळ्यांवर चढवेपर्यंत गाणं संपलंसुद्धा.

“परत,” ती म्हणाली.

या खेपेला तिला उलगडा झाला. दम लागला की भोंगा ओळ अर्ध्यावर टाकायचा आणि गिटारवाली ती अलगद उचलायची. मावशीला गंमत वाटली. पण तिसरं कडवं कुठे गेलं, असं तिनं विचारलं. भोंगा चाचरत म्हणाला की तिथे ती बाई दार लावून घेते, त्यावर कुणी हसत नाही, म्हणून गाळलं.



“मी तिला इतकी वर्षं दारात ताटकळत ठेवली,” मावशी म्हणाली. “तुमचं ऐकून आज पहिल्यांदा वाटलं, हिला पुढे काही कामं आहेत. लावू दे की तिला दार.”

मग ते कडवं गायचं कुणी यावर बराच खल झाला, आणि ते घोंगडं मावशीच्याच गळ्यात पडलं.

कार्यक्रमात दुसऱ्या ओळीलाच तिचा दम संपला. पुढचे शब्द सांडले आणि दार लावायच्या ओळीवर तिला स्वतःलाच हसू फुटलं. तेव्हा समोरच्या गर्दीनं ती ओळ एका आवाजात ओरडून पुरी केली. विंगेत आल्यावरही ती हसतच होती.

घरी परतताना तिनं भाचीला विचारलं की स्टेजखाली ती पोरं एकमेकांना एवढी ढकलत का होती. तो त्यांचा नाचच असतो, भाची म्हणाली, आणि कुणी पडलं तर बाकीचे लगेच उचलतात.

“लगेच?”

“लगेच.”

मावशीनं थोडा विचार केला आणि पुढच्या वेळी आपण खाली उभं राहणार, असं सांगून टाकलं.