नारिंगी अस्तर

आर्लिसच्या खिशातल्या पिशवीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

इस्पितळातून त्याचे कपडे प्लास्टिकच्या पोत्यात भरून माझ्या हाती दिले होते. त्याची बायको नीव्हा आत त्याच्या उशाशी बसली होती, त्या पोत्याकडे बघायलाही तयार नव्हती. म्हणून ते आमच्या घरी आलं. माझ्या नवऱ्याने, व्हर्लिनने, ते स्वयंपाकघरात उपडं केलं. रक्ताने कडक झालेलं शिकारीचं जाकीट, बूट, आणि जाकिटाच्या आतल्या खिशात ती नारिंगी पिशवी. मारलेली टर्की तिच्यात घालून जंगलाबाहेर यायचं, म्हणजे दुसऱ्या कुणा शिकाऱ्याला तो जिवंत पक्षी वाटत नाही. इकडे मिसूरीत, ओझार्कच्या डोंगरात, घरोघरी अशी एखादी असतेच.

व्हर्लिन ती हातात धरून जमिनीवर बसून राहिला.

"होती गं त्याच्याजवळ," एवढंच म्हणाला.

आर्लिस माझा धाकटा भाऊ. त्याच्यावर बंदूक झाडली ती व्हर्लिनने.

एप्रिलमध्ये टर्कीचा हंगाम सुरू होतो. पहिल्याच सकाळी दोघं गेले होते, दरवर्षीसारखे. आर्लिस डोंगरधारेच्या पलीकडे बसणार, व्हर्लिन अलीकडे, असं ठरलेलं. व्हर्लिन ओकच्या बुंध्याला टेकून मादीसारखा आवाज काढणारी लाकडी पेटी घासत साद देत होता आणि खालच्या घळीतून एक नर त्याला उत्तर देत होता. मग तो नर गप्प झाला. बऱ्याच वेळाने झुडपात लाल, पांढरं, निळं डोकं हललं, मागे पंख्यासारखं शेपूट दिसलं. व्हर्लिनने चाप ओढला.

तो पक्षी मेलेलाच होता. आर्लिसने तो पलीकडेच टिपला होता आणि खांद्यावर टाकून घळ चढून येत होता. पलीकडचा तो बार व्हर्लिनने दुसऱ्याच कुणाचा समजून सोडून दिला होता.

व्हर्लिन मला एकदाच म्हणाला, "ट्वायला, पक्षी पडला आणि झुडपातून माझ्या नावाने हाक आली."

छर्ऱ्यांनी आर्लिसचे दोन्ही डोळे नेले.

वनखात्याच्या माणसाने व्हर्लिनचा परवाना काढून घेतला. बंदुका व्हर्लिनने स्वतःच त्या माणसाच्या गाडीत ठेवल्या, न मागता. त्यानंतर तो दिवसदिवस आपल्या पिकअपमध्ये बसायचा, अंगणातच, इंजिन बंद. जेवण नेऊन दिलं की थंड होऊन परत यायचं. गोठ्यातले सगळे दोर मी गोळा केले आणि शेजारच्या घरी नेऊन ठेवले. शेजारणीने ते तिच्या कोठीत कुलूप लावून ठेवले.

मी गाड्यांच्या, ट्रॅक्टरच्या, बोटींच्या सीटा शिवते. घरामागच्या शेडमध्ये माझं मशीन आहे. उन्हाळा सरत आला असताना एक दिवस व्हर्लिन तिथे आला आणि ती नारिंगी पिशवी माझ्या मशीनवर टाकली.

"मला एक सॅक शिवून दे."

"कसली सॅक?"

"टर्कीच्या शिकारीची. जिच्यात ही बाहेर काढायची आठवण ठेवावी लागणार नाही अशी. पक्षी पडला की माणूस वेडा होतो गं. खिशातली पिशवी कोण आठवतंय? ते सॅकनेच करायला पाहिजे."

कित्येक महिन्यांत तो एका दमात एवढं बोलला नव्हता. मी हातातली बोटीची सीट बाजूला ठेवली.

बोलायला सोपं होतं. पक्षी पडेपर्यंत नारिंगी रंगाचा दोरासुद्धा दिसता कामा नये, कारण टर्कीला रंग आपल्यापेक्षा चांगले कळतात. आवाज तर अजिबात नको. आणि पक्षी आत गेला की नारिंगी आपोआप बाहेर आलं पाहिजे. आम्ही वेल्क्रो लावून बघितलं, चेन लावली, टिचबटणं लावली. मोजपट्टीची पोलादी पात घालून झाकण उघडायचं बघितलं, तर ते अशा जोरात उसळलं की माझ्या हनुवटीला लागलं. प्रत्येक वेळी व्हर्लिन ती सॅक पाठीवर घेऊन शेडमध्ये मांडी घालून बसायचा, आत गोणपाटाची गुंडाळी कोंबायचा आणि मग उसवायला घ्यायचा. उसवताना कापडही फाडायचा. एकदा त्याने कात्री भिंतीवर फेकून मारली.

"नाही होत," तो म्हणाला. "काही केल्या होत नाही. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा कुणीतरी..."

मला तेव्हा सॅकची पर्वा नव्हती. ही सॅक जमली नाही तर हा माणूस जगत नाही, एवढंच मला दिसत होतं. म्हणून मी वेल्क्रोवाली सॅक घेऊन आर्लिसला भेटायला नीव्हाच्या दारात गेले.

ती जाळीच्या दाराआडच उभी राहिली. "तो आलाय का?"

"नाही. एकटीच आहे."

"तो या पायरीवर चढायचा नाही, ट्वायला. तू बहीण आहेस म्हणून आत ये."

आर्लिस खिडकीपाशी बसला होता. काळा चष्मा, दाढी वाढलेली. "पावलं तुझी आणि वास गोंदाचा," तो म्हणाला. "काय चिकटवून आणलंस?"

मी सॅक त्याच्या मांडीवर ठेवली आणि कशासाठी आहे ते सांगितलं. चुलीपाशी नीव्हाचा हात थांबला. आर्लिसने बोटांनी शिवण चाचपली, वेल्क्रोचं टोक धरलं आणि खर्रकन ओढलं.

"अरे देवा! हा आवाज ऐकून आख्ख्या मिसूरीतले पक्षी आर्कान्साला पळतील."

मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. मग तो डोकं माझ्याकडे न वळवता म्हणाला, "त्याला वाटतंय की मी विसरलो, हो ना?"

"हो. आनंदात विसरलास असं तो म्हणतो."

"विसरलो नव्हतो. पिशवी खिशात आहे हे मला पक्कं माहीत होतं. एकदा हातसुद्धा घातला होता खिशात."

"मग?"

"शेपूट कसलं होतं माहितेय? असा पंखा मी जन्मात बघितला नव्हता. पिशवीत कोंबलं असतं तर चुरगळलं असतं. मला ते व्हर्लिनला दाखवायचं होतं. त्याला जळवायचं होतं."

नीव्हाच्या हातून पातेलं खाली पडलं. हे ती पहिल्यांदाच ऐकत होती. ती तशीच मागच्या दाराने बाहेर निघून गेली आणि बराच वेळ आली नाही.

"बघितलंस?" आर्लिस म्हणाला. "आता तीही माझ्यावर चिडणार. पण ऐक. तुम्ही काहीही शिवा, शेपूट झाकलंत तर एकही गडी ती वापरणार नाही. इथून तिथून सगळे माझ्यासारखेच आहेत. डोकं लपवा, पंख आवळा, पण शेपूट बाहेर राहू द्या. त्याच्याभोवती पाहिजे तेवढं नारिंगी लावा."

घरी येताना गाडी चालवत मी विचार करत होते, हे व्हर्लिनला सांगावं की नाही. शेवटी सांगितलं. तो शेडच्या दारात उभा होता. आधी त्याचा चेहरा रागाने लाल झाला.

"शेपटासाठी? एका शेपटासाठी डोळे घालवले त्याने?" त्याने दाराला लाथ मारली. मग दाराचीच चौकट धरून उभा राहिला. "मला दाखवायला आणत होता," तो म्हणाला. "आणि मी बघितलंच की गं. मी तेवढंच बघितलं."

मी त्याला हात लावला नाही. लावला असता तर तो कोसळला असता.

तोडगा माझ्या रोजच्या कामातच निघाला, सीटची खोळ उलटी शिवून सुलटी करते त्यातच. सॅक मुद्दाम लहान शिवायची, इतकी की पक्षी तिच्यात मावणारच नाही. आतलं अस्तर नारिंगी आणि लांबलचक, आत दुमडलेलं, उशीच्या अभ्र्याचं तोंड असतं तसं. ना बटण, ना चेन. मोजा उलटा करतो तसं सॅकचं तोंड बाहेर उलटवलं तरच जागा होणार, आणि उलटवलं की नारिंगी पाठभर पसरणार. पक्षी डोकं खाली करून आत जाणार, शेपूट वर बाहेर राहणार. कापड मऊ घेतलं, जुन्या लोकरी ब्लँकेटसारखं, सळसळ न करणारं.

व्हर्लिनने ती किती वेळा उलटवली आणि सुलटवली, देव जाणे. पण शेडमध्ये बसून काही कळत नाही, असं तोच म्हणाला. झुडपात बघायला हवं. "त्याच जागेवर," तो म्हणाला.

सॅक पाठीवर घेऊन मीच चालणार होते. पण आर्लिसला कळलं तेव्हा तो हट्टालाच पेटला, मीच घेणार म्हणून.

"पुन्हा त्याच माणसासमोर उभा राहणार तू?" नीव्हा ओरडली.

"त्याच्याकडे बंदूक नाहीये गं."

"मला त्याचं काही सांगू नकोस! तुला वेड लागलंय. तुम्हा तिघांनाही."

तो आला. हंगामाला अजून अवकाश होता, ओकना पालवी फुटायची होती. शेजारणीने पाळलेला टर्कीचा एक काळसर नर आम्ही कापून घेतला होता. आर्लिसने स्वतःच्या हातांनी सॅक उलटवली, पक्षी आत घातला आणि ती पाठीवर चढवली. त्याचा हात माझ्या खांद्यावर ठेवून मी त्याला घळीतून वर न्यायला लागले. वर, त्या ओकच्या बुंध्याशी, व्हर्लिन बसला होता. मला तो दिसत नव्हता.

"दिसतंय का?" मी ओरडले.

मी मान वर करून झुडपांतून बघितलं.

"व्हर्लिन! नारिंगी दिसतंय का?"

आम्ही आणखी वर चढलो. एका काटेरी झुडपाने सॅकला बाजूने ओढलं, आर्लिस थोडा कलला, आणि तेवढ्यात वरून किंकाळी आली.

"थांबा! डोकं! डोकं दिसतंय! खाली बसा, खाली बसा!"

मी आर्लिसला खाली ओढलं. बाजूच्या शिवणीतून पक्ष्याची मान बाहेर लोंबत होती, लालभडक. मी ती आत कोंबली आणि आम्ही कसेबसे ओकपाशी पोचलो. व्हर्लिन पालापाचोळ्यात तोंड खुपसून पडला होता आणि दोन्ही मुठींनी माती धरून ठेवली होती. आर्लिस चाचपडत खाली बसला. त्याचा हात व्हर्लिनच्या पाठीवर पडला, आणि तो तिथेच राहिला.

"कुठे उसवलंय?" आर्लिसने विचारलं.

व्हर्लिनने मुठीतली माती आणखी घट्ट आवळली.

"अरे, विचारतोय ना. कुठे उसवलंय?"

"डाव्या... डाव्या बाजूला."

"मग शिव की लेका. रडत काय बसलास?" त्याने सॅक खांद्यावरून उतरवून मधे ठेवली. "मी पुन्हा येईन. लागेल तितक्या वेळा येईन. मला एवढंच जमतंय आता."

तो आणखी दोनदा आला. दुसऱ्या वेळी व्हर्लिन ओकपाशी उभा राहिला आणि हात हलवून म्हणाला, फक्त नारिंगी दिसतंय.

हंगाम उजाडायच्या आधी आम्ही जमतील तेवढ्या सॅक शिवल्या. गावातल्या हॉइटच्या दुकानात, गळाला लावायच्या किड्यांच्या डब्यांशेजारी, त्याने दोन टांगल्या. लोक हात लावून हसायचे. "रस्त्याच्या कामावर चाललास की काय?" एकमेकांना म्हणायचे. मग व्हर्लिन सरकारी जंगलाच्या तोंडाशी, जिथे शिकारी गाड्या लावतात, तिथे जाऊन उभा राहायला लागला. हातात सॅक, फुकट घ्या म्हणून. मी गाडीत बसायचे. त्याला सगळे ओळखत होते. काहीजण काच वर करून निघून जायचे. एकाने घेतली आणि त्याच्यासमोर ट्रकच्या मागे रिकाम्या बाटल्यांवर भिरकावली. एक म्हातारा त्याच्या तोंडावर म्हणाला, "सॅक कशाला हवी रे? नीट बघून बंदूक चालवायची असते."

"बरोबर आहे तुमचं," व्हर्लिन म्हणाला आणि सॅक तशीच पुढे धरून उभा राहिला. म्हाताऱ्याने ती घेतली नाही.

हंगामाच्या पहिल्या सकाळी आम्ही पायरीवर बसलो होतो. डोंगरातून बार ऐकू यायचा आणि व्हर्लिन श्वास रोखायचा. मग फोनकडे बघायचा. पुन्हा बार, पुन्हा तेच. दुपारी एकला शिकार बंद होते. तोवर त्याने कॉफीचा घोटही घेतला नाही. फोन वाजला नाही. पण आपल्या सॅकमुळे नाही वाजला असं थोडंच म्हणता येतं? व्हर्लिनने घासभर पाव रश्श्यात बुडवून खाल्ला आणि तो शेडमध्ये गेला.

त्या आठवड्याच्या शेवटी अंगणात नीव्हाची गाडी आली. ती उतरली नाही. मी काचेपाशी गेले.

"माझा भाऊ कॉय उद्या जातोय जंगलात," ती समोर बघत म्हणाली. "ऐकत नाही माझं. त्याला एक हवी."

"देते ना. तयार आहे."

"तयार नको." मग तिने मान वळवली. शेडच्या दारात व्हर्लिन उभा होता, हलायचंही विसरलेला. आर्लिसचे डोळे गेले त्या सकाळनंतर नीव्हाने त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. चेहऱ्यावर माया नव्हती, काहीच नव्हतं.

"पट्टे रुंद लाव," ती त्याला म्हणाली. "कॉय जाडा आहे. अरुंद पट्टे खांद्यात रुतले तर काढून फेकून देईल."

"लावतो," व्हर्लिन म्हणाला.

"संध्याकाळी येते," असं मला सांगून तिने गाडी वळवली.

तो मशीनपाशी बसला, पण त्याला सुईत दोरा ओवता येईना. दोनदा प्रयत्न केला, मग हात मांडीवर ठेवले. मी दोरा ओवून दिला.

"रुंद म्हणजे केवढे गं?" त्याने विचारलं.

"तुझ्या तळव्याएवढे."

त्याने पट्ट्याच्या कापडावर हात पसरून ठेवला. मी एका हाताने तो दाबून धरला आणि दोन्ही बाजूंनी खडूने रेघ ओढली.