सामायिक विहीर

१९८४ च्या चैत्रात नारूवाले आरोग्यसेवक तातेराव हसनाबादजवळच्या वस्तीवर सायकलने आले. त्यांच्या पिशवीतली तपकिरी बाटली बघूनच बाया घरात गेल्या.

वस्ती वीस घरांची. जवळचा हातपंप अर्ध्या कोसावर, आणि त्याचं पाणी खारट. त्यामुळे सगळे विधवा झुंबरबाई आणि तिचा दीर कडूबा यांच्या सामायिक विहिरीवर पाणी भरत. पायऱ्या उतरून घागर बुडवायची. त्या उन्हाळ्यात सात जणांच्या पायांतून नारू, दोऱ्यासारखा लांब जंत, निघत होता. झुंबरबाईची लेक कौसल्या त्यातलीच.

"विहिरीत औषध टाकायचंय," तातेराव म्हणाले. "पाण्यातल्या बारीक किड्यांतून नारू पोटात जातो. ते किडे मेले की झालं."

"कशाचं औषध?" कडूबानं विचारलं. "पोरं न होण्याचं?"

कोणी हसलं नाही. आठ वर्षांपूर्वी, आणीबाणीत, बाजाराला गेलेल्या कडूबाला सरकारी जीपमध्ये घातलं होतं. कागदावर अंगठा घेतला. तो कागद नसबंदीचा होता हे त्याला दुसऱ्या दिवशी कळलं. घरात मूल नव्हतं. बायको वर्षभरानं माहेरी गेली ती परत आलीच नाही.

तातेरावांनी रजिस्टर उघडलं. "विहीरमालकांची संमती लागते. इथं अंगठा."

कडूबा उठून चालता झाला. झुंबरबाई म्हणाली, "भाऊजी न्हाई म्हणतेत तर मी एकली कशी हो म्हणू?"

"ठीक आहे. पण आज निघालेला नारू मागच्या उन्हाळ्यात पोटात गेलेला असतो," सायकलवर बसता बसता तातेराव म्हणाले. "तेव्हा कोणीतरी नारूचा पाय या पाण्यात घातला असणार."

ते गेले आणि वस्ती मागं मागं आठवायला लागली. मागच्या चैत्रात कोण लंगडत होतं? शेजारच्या गोपिकाबाईला आठवलं, कडूबाच्या पायाला चिंधी होती. आणि आताही होती. काटा मोडलाय म्हणून तो सांगत होता.

दुसऱ्या दिवशी वस्तीतला त्रिंबक काठी घेऊन पायऱ्यांवर बसला. "पाय दाखव, मंगच उतर."

"विहीर माझी, पाय माझा."

"आन पोरं आमची!"

धक्काबुक्कीत कडूबा पडला. चिंधी सुटली. घोट्यावर फोड होता, त्यातून पांढरा दोरा लोंबत होता. माणसं मागं सरली. एक जण म्हणाला, "पोलीस आणा." दुसरा म्हणाला, "यानं मुद्दाम केलं असंल. सोताला लेकरू न्हाई म्हणून."

झुंबरबाईच्याही मनात ते येऊन गेलं. तीन आठवडे कौसल्या जागची उठली नव्हती. झुंबरबाई तशीच दिराच्या घरी गेली.

"भाऊजी, खरं सांगा. का उतरत व्हते?"

"आग होते, वैनी. पाण्यात पाय घातला की जराशी थंड पडते." तो खाली बघत राहिला. "कौसल्याला माझ्यामुळं झालं का?"

"काय ठाव."

तिचा पूर्ण विश्वास बसला नाही. तरी तिनं त्याच्या दारात पाण्याची बादली ठेवली. "यातच पाय घाला. पाणी कोरड्या रानात वता. विहिरीवर येऊ नका, तुमचं पाणी मी आणते."

"त्या बाटलीवाल्याला हो म्हणल्या का तुम्ही?"

"न्हाई. तुम्हाला इचारल्याबगर कशी म्हणू?"

आठ दिवसांनी तातेराव परत आले. सगळे विहिरीवर जमले. पायाला पट्टी बांधून, काठी टेकत कडूबाही आला, पण पायऱ्यांपासून लांब उभा राहिला.

"पहिलं ते रजिस्टर पिशवीत घाला."

"अंगठा नको?"

"ह्या जन्मात न्हाई."

तातेरावांनी रजिस्टर पिशवीत टाकलं.

"समद्यांना इचारा," कडूबा म्हणाला. "समदे हो म्हणत असले तर टाका. मी आडवा येणार न्हाई, पण पिणारबी न्हाई."

"औषधाचा काही त्रास नाही, कडूबा."

"त्या वक्तीबी असंच म्हणले व्हते."

त्रिंबक काहीतरी बोलणार होता. झुंबरबाईनं त्याच्याकडं बघितलं, तसा तो मागं सरला. मग घरागणिक विचारून झालं. दोर सोडून पाणी मोजलं आणि सगळ्यांसमोर औषध मापून टाकलं.

काडीला गुंडाळत गुंडाळत कडूबाचा नारू महिन्यानं बाहेर आला. तोवर झुंबरबाई त्याच्यासाठी हातपंपाचं पाणी वाहत होती. वस्तीतली माणसं त्याच्याशी बोलत नव्हती, तिच्याशीही कमीच. पाय बरा झाल्यावर तो स्वतः हातपंपावर जाऊ लागला. पुढच्या चैत्रात वस्तीत एकालाच नारू निघाला, त्यापुढच्या वर्षी कोणालाच नाही.

त्या वर्षी तातेराव घरोघर पाय तपासत कडूबाच्या दारात आले. त्यानं दोन्ही पाय लांबूनच दाखवले, हात लावू दिला नाही.

"आता तरी विहिरीचं पिता का?"

"न्हाई."

तातेराव वहीत लिहीत राहिले. ऊन चढलं होतं. कडूबा आत गेला, रांजणातून तांब्या भरून आणला आणि त्यांच्यापुढं धरला.

"खारट हाय," तो म्हणाला.

तातेरावांनी तांब्या रिकामा केला.