चिपाडांतून गाळलेलं पाणी

"आजपासून ह्या ओढ्याचं पाणी गंगेहून निर्मळ!" अशी घोषणा करून लालासाहेबांनी पिंपाच्या तोटीपाशी नारळ फोडला. नारळ नासका निघाला.

कोणी हसलं नाही. बहात्तरच्या दुष्काळानंतर त्या गावात पाण्याची थट्टा कोणी करत नसे.

लालासाहेबांच्या कारखान्यात सूत रंगायचं आणि उरलेलं पाणी पाटानं ओढ्याला मिळायचं. ओढा कधी लाल, कधी निळा. ढोरं आजारी पडू लागली तेव्हा गावानं निरोप धाडला : पाणी सुधारा, नाहीतर पाट बुजवतो. पाट बुजला की कारखान्याला कुलूप. म्हणून लालासाहेब सांगलीला एका प्राध्यापकांना भेटून आले, गुऱ्हाळावरची चिपाडं धुऊन, वाळवून, कुटून पिंपात ठासली आणि वरून लालभडक पाणी ओतलं. खाली तोटीतून नितळ धार आली. सगळ्यांत जास्त लालासाहेबच दचकले.

"चिपाडं रंग धरतात," असं प्राध्यापक म्हणाले होते. आणखी काय काय धरतात, हे विचारायचं राहिलं होतं.

म्हातारे नानासो फावड्यावर रेलून पुढं आले.

"नारळ फुटला म्हंजे नवी हीर झाली. रीत हाय, पयली वंजळ मालकाची."

"नानासो, हे पिंप आहे. विहीर नव्हे."

"मग नारळ कशापायी फोडला?"

लालासाहेबांनी रंगाऱ्याकडं पाहिलं. आकारामचे हात कोपरापर्यंत जांभळे होते आणि दोन बोटांना नखं नव्हती.

"आकाराम, तू तर रोज ह्यातच असतोस. तूच घे घोटभर."

"रोज असतो, मालक. म्हनूनच नगं."

लालासाहेबांनी ओंजळ धरली. पाणी गार होतं, काचेसारखं होतं. रंगाच्या हौदात सकाळी काय काय ओतलं, ते एकेक आठवू लागलं : कॉस्टिक, ॲसिड, आणि त्या बिनचिठ्ठीच्या डब्यातलं. बोटांच्या फटींतून पाणी गळू लागलं. ते त्यांनी मोठ्या काळजीनं गळू दिलं. ओंजळ ओठांशी पोचली तेव्हा तळहात नुसते ओले होते.

गावानं पाहिलं. नानासोंनी फावडं उचललं.

तेवढ्यात मागून मेंढरांचा गलका आला. तोटीतून ओढ्यात पडणारी नितळ धार पाहून कळप तिकडं धावत सुटला होता. मेंढरं राखणारी मनुबाई काठी आडवी धरून, ओरडून, लाथा झाडून त्यांना मागं रेटत होती. शेवटचं कोकरू पाण्यात तोंड घालणार, तोच तिनं ते मागल्या पायाला धरून ओढलं आणि तशीच मटकन बसली.

"पाट बुजवू नगा, नानासो," ती धापा टाकत म्हणाली. "माजा जावय हितंच सूत वाळवतो."

मग कोकरू पोटाशी धरून ती लालासाहेबांकडं वळली.

"आवं लालासाब, येवढं करा. पानी सोडताना चिमूटभर रंग परत घालत जावा. लाल दिसलं की मेंढरं वळवाया कळतं."