पालथा बूट

मित्रांनो, अशी कल्पना करा की रोज दुपारी, एकाच वेळी, दोनशे मुलं तुमच्या खांद्यावर आपले बूट काढून ठेवतात आणि अनवाणी आत नमाजला जातात. करून पाहिलीत? मग मला ओळखणं सोपं आहे. मी एक जुना लाकडी रॅक आहे, मेलबर्नच्या उत्तरेकडच्या एका इस्लामी शाळेतला.

शाळा तीन खोल्यांची होती, तेव्हा रामिझ नावाच्या बोस्नियन सुतारानं मला घडवलं. त्याची मुलगी इथे शिकत होती. तेव्हा येणारा-जाणारा माझ्यावरून हात फिरवायचा. पुढे शाळा मोठी झाली आणि माझं पॉलिश उडालं. आता पालक शाळा बघायला येणार असले, की माझ्यावर हिरवी चादर पडते आणि वर बक्षिसांचे कप मांडले जातात.

त्या दिवशी उबाह नावाची सोमाली बाई आली. आठ वर्षांची इफ्राह तिचा हात घट्ट धरून होती. आधीच्या शाळेत मुलांनी इफ्राहचा बूट कचरापेटीत टाकला होता, आणि वर्गाच्या बाईही हसल्या होत्या. तेव्हापासून ती शाळेचं नाव काढू देत नव्हती.

मुख्याध्यापक नेजाती सर निकाल सांगत होते, कुराणाचे वर्ग सांगत होते, बसचे मार्ग सांगत होते.

"आमची शाळा म्हणजे एक कुटुंब आहे, ताई."

"मागचेही हेच म्हणाले होते," उबाह म्हणाली. "ह्या चादरीखाली काय आहे?"

"काही नाही, जुना रॅक आहे."

"काही नाही तर झाकलाय कशाला?"

तिनं चादरीची समोरची कड उचलून वर टाकली. फळ्यांवर, आत नमाजला गेलेल्या मुलांचे बूट होते. सर ओशाळले. तेवढ्यात त्यांना फोन आला आणि ते बाजूला गेले. उबाहनं इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्यावरचा एक छोटा बूट उलटा करून ठेवला, तळ आभाळाकडे.

"हुयो, हे काय करतेस?" इफ्राह कुजबुजली. त्यांच्यात आईला हुयो म्हणतात.

"गपचूप बघ. आपल्या घरी असा, अल्लाहकडे तळ केलेला बूट दिसला तर आजी तो सरळ करायला जेवण सोडून उठते. इथे कोण उठतं, बघू."

सर परत आले, बोलत बोलत त्या बुटाकडे न बघताच पुढे गेले. उबाहनं लेकीकडे पाहिलं: बघितलंस?

नमाज संपली. मुलं बाहेर पडली. एका मुलानं जाता जाता तो बूट सरळ केला.

"तुझा आहे का रे?" उबाहनं विचारलं.

"नाही."

"मग? सरांनी सांगून ठेवलं होतं?"

"कोणत्या सरांनी? पालथा होता ना." हिला एवढंही कळत नाही, अशा नजरेनं तो बघत राहिला आणि पळाला.

"एका पोरावरून काय ठरतंय," उबाह पुटपुटली.

मित्रांनो, शाळा बघायला जाल तेव्हा कप जरूर बघा, पण चादर उचलूनही बघा. आणि आपला नसलेला बूट पालथा दिसला, तर सरळ करून ठेवा. कोण बघतंय, ते कधी कळत नाही.

इफ्राहनं आईचा हात सोडला. खाली बसून स्वतःचे बूट काढले, माझ्या सगळ्यात खालच्या फळीवर ठेवले, त्यातला एक पालथा केला आणि भिंतीला टेकून वाट बघत बसली.