हेडमास्तरांच्या मापाचा डायस

मित्रांनो, लाकूड बोलते यावर माझा विश्वास नाही. त्याला मेंदू नसतो, घसा नसतो. पावसाळी हवेत ते करकरते, पण त्याला बोलणे म्हणणे भाबडेपणाचे आहे. तरीही मी, साताऱ्याच्या एका मिशन शाळेतला जुना डायस, तुम्हाला माझी हकिगत सांगणार आहे. ही विसंगती मला मान्य आहे. तिचे स्पष्टीकरण माझ्याजवळ नाही, म्हणून ती बाजूला ठेवून पुढे जाऊ.

डायस म्हणजे वाचणारा ज्याच्यामागे उभा राहतो आणि ज्याच्या उतरत्या फळीवर कागद ठेवतो, ती उभी लाकडी पेटी. माझे सागवानी लाकूड चर्चच्या मोडक्या बाकांतून आले. त्या बाकांवर पिढ्यान्‌पिढ्या लोक प्रार्थनेला बसले, म्हणून माझ्यात काही पावित्र्य उतरले असे शाळेतल्या काहींना वाटे. माझ्यात उतरली ती जुन्या खिळ्यांची भोके. ती अजून मोजता येतात.

मला घडवले बिराप्पा सुताराने. तो जतकडचा. त्या वेळच्या हेडमास्तरांनी त्याला बोलावून सांगितले की इंग्रजीच्या वर्गासाठी एक डायस हवा. बिराप्पाने आपल्या पद्धतीप्रमाणे, जो काम सांगेल त्याचेच माप घेतले. हेडमास्तर असाधारण उंच होते. नववीतला पहिला मुलगा माझ्यामागे उभा राहिला, तेव्हा वर्गाला फक्त त्याचे उभे राहिलेले केस दिसले.

हेडमास्तरांनी बिराप्पाला परत बोलावले.

“उभारणाराचं माप घ्यायचं असतंय, सायेब,” तो शांतपणे म्हणाला. “तुमी म्होरं उभारला हुता, तुमचं घेतलं. पोरं उभारणार, हे मला कोण बोललं?”

खालून कापले तर सांधे खिळखिळे होतील, असे त्याने वर बजावले. मग माझ्यामागे एक स्टूल ठेवण्यात आले. एक मुलगा वाचताना त्यासकट कलंडला आणि स्टूल बंद झाले. मी मात्र तसाच राहिलो, मुलांच्या शाळेत मोठ्या माणसाच्या मापाचा.

या शाळेत इंग्रजीच्या वर्गाची एक रीत होती. साहित्याच्या तासाला धडे आणि कविता. लेखनाच्या तासाला प्रत्येकाने स्वतःचे काही लिहायचे. लिहून भागत नसे. लिहिणाऱ्याने ते माझ्यामागे उभे राहून वर्गाला वाचून दाखवेपर्यंत ते पुरे झाले असे धरत नसत. वाचन शुक्रवारी असे आणि वाचणाऱ्याला मध्येच कुणी अडवायचे नाही, असा नियम होता.

जी मुले बाकावर उभी केली की मुकी होत, ती माझ्यामागे आली की वाचत. चेहरा झाकला गेल्याने धीर येत असावा. हे माझ्यामुळे घडले असे मी म्हणणार नाही. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. पण मुलांचे हात मला जवळून ठाऊक आहेत. दोन्ही कडा ती घट्ट धरत. सुरुवातीला तळवे ओले असत आणि शेवटाकडे कोरडे होत. माझ्या कडांचे पॉलिश गेले ते तिथेच.

मित्रांनो, या कामात एक गोष्ट कुणाच्या ध्यानात येत नाही. सगळा वर्ग माझ्याकडे तोंड करून बसतो, पण माझ्याकडे कुणी पाहत नाही. ते पाहतात, किंवा पाहायचा प्रयत्न करतात, ते माझ्यामागच्या माणसाकडे. मागचा माणूस कागदाकडे पाहतो. तास संपला की दिवे बंद होतात, दार लागते आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत खोलीत फळ्यावरची धूळ खाली बसत राहते. एवढी वाक्ये ऐकूनही त्यातले एकही मला उद्देशून नव्हते. ही तक्रार नव्हे. निरीक्षण आहे.

काही वर्षांपूर्वी सांगलीहून सुमंत सर इंग्रजी शिकवायला आले. ते मूळचे इथल्याच ख्रिस्ती कुटुंबातले. आवाज हळू, विनोद कोरडा. गेल्या वर्षी त्यांनी नववीला विषय दिला, ‘मला आदर वाटतो अशी व्यक्ती’. बहुतेकांनी वडिलांवर लिहिले.

“यशराज,” वाचन संपल्यावर सर म्हणाले, “तुझे वडील किती वाजता उठतात?”

“आठला, सर. दुकान दहाला उघडतं.”

“मग इथे पहाटे पाच का लिहिलंस?”

“गाइडमध्ये पाचच आहे, सर.”

वर्ग हसला. सर हसले नाहीत. “आतापर्यंत ज्यांनी वाचलं त्या सगळ्यांचे वडील पाचला उठतात, व्यायाम करतात आणि गरिबांना मदत करतात. एवढे लोक पाचला उठत असते तर मला सकाळी पोवई नाक्यावर चालायला जागा मिळाली नसती.”

नंतर शिवांजली उठली. ही वडूजकडच्या एका गावातली मुलगी, शाळेच्या वसतिगृहात राहणारी. तिचे वडील कृष्णात लष्करात हवालदार होते. तिच्या बोलण्यातले ‘हाय’ आणि ‘न्हाई’ ऐकून शहरातली मुले गालात हसत, त्यामुळे ती वर्गात फार बोलत नसे. माझ्या कडा तिने इतक्या जोरात धरल्या की माझा एक सैल सांधा हलला.

तिने इंग्रजीत जे वाचले त्याचा आशय असा: माझ्या वडिलांबद्दल सगळ्यांना आदर आहे. गावात त्यांना लोक सलाम करतात, मीही करते. पण ते सुट्टीवर येतात तेव्हा पहिले काही दिवस मला त्यांच्याशी काय बोलावे ते सुचत नाही, आणि सुचू लागते तेव्हा त्यांची बॅग भरलेली असते. मला त्यांच्याबद्दल एकच गोष्ट नक्की ठाऊक आहे. ते चहा बशीत ओतून, फार हळू पितात. आदर वाटायला माणूस माहीत असावा लागतो. मला तो अजून माहीत नाही.

वर्गात कुणी हसले नाही.

“सर, लय चुका हायत का?” तिने माझ्यामागूनच विचारले.

“काळाच्या दोन आहेत. त्या नंतर बघू,” सर म्हणाले. आणि त्यांनी तो निबंध साहित्य दिनासाठी निवडला.

साहित्य दिन जानेवारीत असतो. त्या दिवशी निवडक मुले शाळेच्या सभागृहात पालकांसमोर आपले लेखन वाचतात. आदल्या आठवड्यात शिवांजली इंग्रजीच्या खोलीत सरांकडे आली. मी तिथेच होतो.

“सर, पप्पांना सुट्टी मिळालीय. त्या दिवशी ते येणार हायत.”

“बरं.”

“मी दुसरा निबंध वाचते. पाचला उठणारा.”

“तो तुझा नाही.”

“पण ते म्होरं बसणार, सर. त्यांना इंग्रजी समजतंय. पलटणीत साऱ्या मुलखाची माणसं असतात. त्यांना वाईट वाटलं तर? चार दिवसांसाठी येतात ते.”

“वाईट वाटणार नाही, असं मी सांगू शकत नाही,” सर म्हणाले. “मला ठाऊक नाही. तू हा वाच, तो वाच, किंवा काहीच वाचू नकोस. तुझे मार्क कमी होणार नाहीत. ठरवायचं तू.”

मित्रांनो, सरांचे हे उत्तर मला त्या वेळी अपुरे वाटले. आजही वाटते. पण ते खरे होते.

त्याच आठवड्यात सांगलीहून टेम्पोने एक नवा डायस आला. माजी विद्यार्थ्यांची भेट. पारदर्शक, काचेसारख्या जाड प्लास्टिकचा, आत निळा दिवा आणि वर माइक. माझ्याहून तो सर्व बाबतींत सरस होता. उंचीसुद्धा मुलांच्या मापाची. मुख्याध्यापिका उमा मॅडमनी साहित्य दिनाला त्याचे उद्‌घाटन ठरवले. इंग्रजीच्या वर्गासाठीही तोच वापरायचा होता, म्हणून मला सभागृहामागच्या बोळात, नाताळच्या नाटकातल्या गोठ्याच्या फळ्यांशेजारी लावून ठेवण्यात आले.

साहित्य दिनाच्या सकाळी शिवांजली बोळात आली. भाऊसो शिपाई सतरंज्या झटकत होता.

“मामा, ह्यो डायस आत न्यायचा का?”

“आगं, नवा आलाय की काचंचा. लाइट लागतोय त्यात. ह्याला आता कोण इचारतंय?”

“त्याच्यातनं सगळं दिसतंय.”

“दिसायलाच केलाय त्यो.”

“माझं पाय दिसतात, मामा. लय कापतात.”

भाऊसोने तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. “मग धर तिकडनं. मी एकटा काय हमाल हाय?”

दोघांनी मला मंचावर आणले. मॅडमच्या कपाळावर आठी आली. “हे काय, सुमंत सर?”

“तिच्या वाचनापुरता, मॅडम,” सर म्हणाले. ती कोणता निबंध वाचणार हे त्यांनाही ठाऊक नव्हते. मला तिच्या हातातला कागद दिसत होता. पण कागद हातात असणे आणि वाचला जाणे यांत अंतर असते.

कृष्णात तिसऱ्या रांगेत, पाठ न टेकवता बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर. नव्या डायसवरून दोन मुलांनी वाचले. छान दिसले. मग ती माझ्यामागे आली आणि सभागृहाला दिसेनाशी झाली.

“पोरगी कुठं गेली?” मागून एका बाईंनी विचारले आणि थोडी हसाहस झाली.

तिने कागद माझ्या फळीवर ठेवला. पहिले वाक्य वाचायला तिला फार वेळ लागला. मग तिने वाचले ते आपलेच. वडिलांना सलाम करते, इथपर्यंत आवाज बारीक होता. बॅग भरलेली असते, इथे तो थांबला. आणि ‘मला तो अजून माहीत नाही’ हे शेवटचे वाक्य तिने सगळ्यांत स्पष्ट म्हटले.

टाळ्या वाजल्या. इंग्रजी न समजलेल्यांनी अधिक जोरात वाजवल्या. कृष्णातांचे हात गुडघ्यांवरून उचलले गेले नाहीत. हे मला समोरून दिसत होते, आणि तिला माझ्या आडून दिसत नव्हते. त्या क्षणी तिला ते सांगावे की सांगू नये, हे मला ठरवता आले नसते. सुदैवाने तशी सोयच नव्हती.

कार्यक्रम संपला. पालक व्हरांड्यात चहाला गेले. शिवांजली माझ्यामागून हलली नाही. खाली बसून माझ्या मागच्या फळीला टेकून राहिली. बुटांचा आवाज मंचापर्यंत आला आणि थांबला.

“शिवांजली.”

ती उठली. “व्हय, पप्पा.”

“तेवढं परत वाच.”

“समजलं न्हाई का? मराठीत सांगू?”

“समजलं. म्हणून म्हणतोय. हळू वाच.”

कृष्णात वळसा घालून माझ्या मागच्या बाजूला, तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. माझ्यामागे एका वेळी दोन माणसे कधी उभी राहिली नव्हती. तिने पुन्हा वाचले. ते कागदाकडे पाहत राहिले. चहाच्या वाक्याशी त्यांनी बोट ठेवले.

“हे अर्धं हाय.”

“म्हंजे?”

“पलटणीत मी मगातनं पितो. उभ्यानं. लगोलग संपवावा लागतोय.” त्यांनी बोट कागदावरून उचलले. “बशीत घरीच वततो. वतून प्याला की जरा जास्त वेळ बसून ऱ्हायला मिळतंय. तू समोर अभ्यास करत असतीस.”

व्हरांड्यात कपबशा वाजत होत्या.

“मला म्हाईत न्हवतं,” ती म्हणाली.

“मी तरी कवा बोललो? मलाबी सुचत न्हाई, काय बोलावं. आता लिव की.”

तिने कागद माझ्या उतरत्या फळीवर पसरला आणि वडिलांच्या शर्टाच्या खिशातले पेन घेतले. माझ्यावर आजवर वाचलेच गेले होते. लिहिले कुणी नव्हते. ती लिहीत होती आणि कृष्णात मध्येच सांगत होते, “काळ बघ हं. तुमचं सर दोन चुका म्हणालं, आसं तूच फोनवर सांगितलंस.”

त्यानंतर मला पुन्हा बोळात ठेवण्यात आले. आता मी तिथेच असतो. कृष्णात सुट्टी संपून गेले. पुढच्या खेपेस त्या दोघांचे पहिले दिवस कसे गेले, मला ठाऊक नाही. एका दुपारवरून निष्कर्ष काढणे मी योग्य समजत नाही. नवा डायस चांगला चालतो असे ऐकतो. शुक्रवारी भिंतीपलीकडून माइकचा आवाज येतो. शब्द ओळखू येत नाहीत, फक्त कुणीतरी वाचते आहे एवढे कळते. नाताळ सोडला तर या बोळात कुणी येत नाही. माझ्या तळाला वाळवी लागली आहे. तिचा वेग मी पाहतो आहे.

मित्रांनो, रिवाजाप्रमाणे मी आता तुम्हाला जुन्या वस्तू जपा अशी विनंती करायला हवी. मी ती करणार नाही. लाकूड कधीतरी जाणारच. माझी विनंती वेगळी आहे. कुणी आडून वाचत असेल तर त्याला ‘पुढे ये, दिसत नाहीस’ असे म्हणू नका. त्याचे संपेपर्यंत ऐका. आणि जवळच्या माणसाबद्दल लिहायला बसाल तेव्हा गाइड मिटा, उठा आणि आधी त्याच्याकडे जाऊन त्याला विचारा. तो सांगेलच अशी खात्री मी देत नाही. पण पुष्कळ जण केवळ कुणी विचारण्याचीच वाट पाहत असतात. मला अजून कुणी काही विचारलेले नाही. म्हणून हे आपणहून सांगितले.