फ्लॉवर पिळणारे अस्तर

मित्रांनो, मी एक जुने फडके आहे. माझा वास येत असेल तर खुशाल नाक दाबा. रोज उकडलेला फ्लॉवर पिळणाऱ्याला अत्तराचा वास कुठून येणार?

माझा जन्म मात्र चांगला झाला. मी एका पिवळ्या झग्याचे पांढरे, मलमलीचे अस्तर होते. आत्याने तो झगा भाचीसाठी शिवला. भाचीला शिवण टोचते, म्हणून तिने मला हाताने बारीक टाके घातले. मुलगी तो घालून आरशासमोर गोल गोल फिरली, आणि मला वाटले, आता आयुष्यभर हेच.

पुढे आत्या नोकरीसाठी दूर गेली आणि वर्षभरात मुलगी अंगाने भरली. थोरला भाऊ तिला ढब्बू म्हणू लागला. आईने त्याला कधी दटावले नाही, उलट हसून घेतले. एके सकाळी झग्याची चेन पाठीवर निम्म्यात अडकली. आईने ती जोर लावून ओढली, तशी कातडी चिमटली आणि मुलगी कळवळली.

"आत्या सुटीत येणारे ना? मला हाच घालायचाय," ती म्हणाली.

"मग मावून दाखव. आजपासून पाव, बटाटा, साखर, सगळं बंद. झगा मी वर ठेवते."

बटाट्याऐवजी फ्लॉवर आला. त्याचे तुरे मऊ उकडायचे, कुस्करायचे, लोणी, लसूण, मीठ नि मिरपूड घालून घोटायचे. दिसायला थेट बटाटा. पण पहिल्याच दिवशी ताटलीत पाणी सुटले आणि सगळे पचपचीत झाले. उकडलेला फ्लॉवर पिळायला तलम फडके हवे होते. घरात जुने रुमाल होते, पडदे होते. आईने नेमका झगा काढला, मला उसवले आणि पिवळे कापड केरात टाकले.

"वन्संच्या शिवणकामाचा काहीतरी उपयोग झाला," ती स्वतःशीच म्हणाली. मुलगी तेव्हा शाळेत होती.

तीन महिने रोज संध्याकाळी माझ्यात गरम फ्लॉवर पडायचा आणि आई मला पिळायची. जेवताना भाऊ बटाट्याचा चमचा बहिणीच्या नाकाखालून फिरवायचा. "ढब्बू, वास तरी घे." ती मान खाली घालून आपला फ्लॉवर संपवायची. कधी विचारायची, "आई, एकदा झगा बघू दे ना."

"आधी त्यात मावशील एवढी तर हो," आई म्हणायची आणि मला दोरीवर वाळत टाकायची. मला तोंड असते, तर तेव्हाच ओरडले असते. मी मुकाट वाळत राहिले. मलाही माफ करू नका.

आत्या येण्याच्या आदल्या दिवशी मुलगी स्वयंपाकघरात आली. तिची चड्डी कमरेवरून घसरत होती, ती एका हाताने धरून तिने दुसरा पुढे केला.

"आई, झगा दे. आता नक्की होईल."

आईच्या हातात मीच होते, फ्लॉवरने भरलेले. तिने मला जरा वर धरले. "हा काय तुझा झगा. तू कधी बारीक होशील असं वाटलंच नाही गं मला."

भाऊ खो खो हसला. मुलीने माझी कड उलटून पाहिली. आत्याचे टाके तिने लगेच ओळखले, पण ती रडली नाही.

"आत्याला काय सांगू?"

"फाटला म्हण. आणि आलीच आहेस तर हे पिळून दे."

तिने मला दोन्ही मुठींत धरले. वाफेने तिचे तळवे लाल झाले. पाणी संपले, तरी ती पिळतच राहिली. इतके कोरडे मला आईनेही कधी केले नव्हते. त्या रात्री तिने आपली ताटली तशीच परत केली.

मित्रांनो, जुन्या कपड्याची फडकी जरूर करा, आमची तक्रार नाही. फक्त त्या कपड्यात मावावे म्हणून घरात कुणी उपाशी राहत असेल, तर कात्री लावण्याआधी त्याला तेवढे सांगा.